काडीचा आधार

'बुडत्याला काडीचा आधार' ही म्हण मी आजवर किती वेळा शिकवली असेल, याचा हिशेब आता लागणार नाही. फळ्यावर म्हण लिहायची, मुलांकडून वाचून घ्यायची, 'मोठ्या संकटात सापडलेल्या माणसाला क्षुल्लक मदतही मोलाची वाटते' असा अर्थ सांगायचा आणि वाक्यात उपयोग करायला लावायचा, हा क्रम जवळजवळ तीस वर्षे बिनबोभाट चालला. मुलांचे वाक्यही ठरलेले असे. कर्जात बुडालेला कोणी शेतकरी, त्याला मावशीने पाठवलेले शंभर रुपये, आणि शेवटी ती काडी. या म्हणीत पाणी आहे आणि त्या पाण्यात एक खराखुरा माणूस आहे, हे त्या तीस वर्षांत ना मुलांच्या ध्यानात आले, ना माझ्या. ते ध्यानात आणून दिले समुद्रकिनाऱ्यावरच्या जीवरक्षकांनी. आणि त्यासाठी त्यांना मला आधी पाण्याबाहेर काढावे लागले.

हा प्रसंग डिसेंबर 2022 मधला आहे. आमची शाळा सत्तरी तालुक्यातली. गोवा म्हटले की परक्या माणसाच्या डोळ्यांपुढे प्रथम समुद्र उभा राहतो. आमच्या गावाच्या वाट्याला मात्र सह्याद्रीचे डोंगर, काजूच्या बागा, कुळागरे आणि म्हादई नदी एवढेच आले आहे. समुद्र आमच्यापासून बसने दोन तासांच्या अंतरावर. वर्गातल्या कित्येक मुलांनी तो बसच्या खिडकीतून पाहिला असेल तेवढाच. म्हणून आठवीची सहल मी हौसेने समुद्रावर नेली. मुले बेचाळीस आणि शिक्षक आम्ही तिघे. ही सारी मुले नदीकाठची, उन्हाळ्यात डोहात डुंबणारी. मी स्वतःही त्याच नदीत पोहायला शिकलो. वडिलांनी पाठीला दोन सुके नारळ बांधून मला पाण्यात सोडले होते आणि पुढच्या वर्षी ते नारळ न बांधताच मी पैलतीर गाठला होता. पाण्याची आणि आपली जुनी ओळख आहे, असा एक समज त्यामुळे मनात घट्ट बसलेला होता.

सकाळचे दहा वाजले असतील. किनाऱ्यावर जीवरक्षकांचा मनोरा होता आणि त्याच्या समोर, काही अंतर राखून, वर लाल व खाली पिवळा अशा रंगांचे दोन झेंडे वाळूत रोवलेले होते. दोन झेंड्यांमधल्या पट्ट्यात पर्यटकांची दाटी होती. तेथे लाटा एकामागून एक मोठ्याने फुटत होत्या आणि त्यांचा फेस काठापर्यंत येत होता. त्या गर्दीत बेचाळीस मुले सोडणे मला प्रशस्त वाटेना. दीड-दोनशे पावलांवर मला एक मोकळी जागा दिसली. तेथे लाटा जवळजवळ नव्हत्याच. दोन्ही अंगांना फेसाळणारे पाणी आणि मध्ये गर्द रंगाचा शांत पट्टा, जणू समुद्राने आमच्यासाठीच राखून ठेवलेला. त्याच्या अलीकडे एक नुसता लाल झेंडा फडफडत होता. ती जीवरक्षकांच्या हद्दीची खूण असावी, अशी मी माझी समजूत करून घेतली. मुलांना गुडघाभर पाण्याची मर्यादा घालून दिली आणि मी काठावर उभा राहिलो.

'उथळ पाण्याला खळखळाट फार' ही आपली दुसरी म्हण. पोकळ माणसाच्या बडबडीला आपण ती लावतो आणि तिच्यातले पाणी विसरून जातो. समुद्रात ती अक्षरशः खरी आहे. पाण्याखाली वाळूचा उंचवटा असतो तेथे पाणी उथळ होते, म्हणून लाट तेथे फुटते आणि आवाज करते. फुटलेल्या लाटांनी काठाकडे आणून टाकलेले पाणी परत जाण्यासाठी वाट शोधते. वाळूच्या उंचवट्यात जेथे खिंड असेल तेथून ते एकवटून समुद्राकडे धावते. खिंडीत पाणी खोल, म्हणून तेथे लाट फुटत नाही आणि वरून पाहणाऱ्याला ती जागा निवांत दिसते. इंग्रजीत या ओढीला 'रिप करंट' म्हणतात. तिचा वेग एरवी सेकंदाला अर्ध्या मीटरच्या आसपास असतो. पण तो सेकंदाला दोन मीटरांच्या वर गेल्याच्याही नोंदी आहेत, आणि त्यापुढे ऑलिंपिकमधल्या पोहणाऱ्याचाही निभाव लागणे कठीण. गुडघाभर पाण्यात उभ्या असलेल्या मुलाच्या पायाखालची वाळू ही ओढ हलकेच काढून नेते, आणि दोन-चार पावलांत पाणी छातीला लागते. मी बेचाळीस मुलांना नेमके त्या खिंडीच्या तोंडाशी उभे केले होते. हे सारे मला नंतर कळले. त्या वेळी पाणी शांत आहे एवढेच मला दिसत होते.

पहिली शिट्टी वाजली तेव्हा मी वळून पाहिले. मनोऱ्यावरचा एक तरुण आम्हांला झेंड्यांच्या आत येण्याची खूण करीत होता. मी हात वर करून 'काळजी नको, मी आहे' अशा अर्थाची खूण परत केली. दुसरी शिट्टी वाजली. मी पुन्हा हात केला, या खेपेस थोड्या त्राग्याने. मुख्याध्यापकाला शिट्टी वाजवण्याची सवय असते, ऐकण्याची नसते. तो तरुण खांद्यावर लाल रंगाची काहीतरी लांबट वस्तू अडकवून खाली उतरला आणि आमच्या दिशेने चालू लागला. आता हा मुलांसमोर आपल्याला चार शब्द सुनावणार, म्हणून मी मनातल्या मनात उत्तराची जुळवाजुळव करू लागलो. अर्ध्या वाटेवर तो एकाएकी धावत सुटला.

तो कोणाकडे धावतो आहे हे मला समजेना. मी पाण्याकडे पाहिले. मुले खिदळत होती. त्यांच्यापलीकडे वीस-पंचवीस हातांवर आमच्या वर्गातला एक मुलगा एकटाच होता. तोंड काठाकडे, मान मागे टाकलेली, ओठ पाण्याच्या पातळीशी. तो ओरडत नव्हता, हात हलवीत नव्हता. आकाशाकडे पाहत तो पाण्यात स्वस्थ उभा आहे, असेच कोणालाही वाटले असते. मी त्याच्याकडे पाहत होतो आणि माझ्या डोळ्यांदेखत तो बुडत होता.

ते उमगताच मी अंगावरच्या कपड्यांनिशी पाण्यात धावलो. मागून 'सर, तुमी भायर रावात!' अशी आरोळी आली. बाहेर थांबा, असे तो कोकणीत मला बजावीत होता. मी ते मानले नाही. आठ-दहा पावलांत माझ्या पायाखालचा तळ नाहीसा झाला. तो तरुण माझ्या बाजूने सपासप पुढे निघून गेला; मला मात्र मुलापर्यंत पोहोचताच येईना, कारण ओढ मला भलत्याच दिशेने नेऊ लागली होती. मी उलट फिरलो आणि काठाकडे हात मारू लागलो. दहा हात मारले की काठ होता तेथेच, वीस मारले की आणखी दूर. भिजलेले कपडे जड झाले. दम तुटला, पाय आपोआप खाली लोंबू लागले आणि शरीर पाण्यात उभे झाले. 'बुडत्याचा पाय खोलात' या आपल्या तिसऱ्या म्हणीचा अर्थ मला त्या क्षणी अंगाने कळला. मला हाक मारायची होती. पण तोंड पाण्यावर येई तेवढ्या वेळात फक्त श्वास घेता येई, हाक उरत नसे. मला हात वर करायचा होता. पण हात पाण्याला दाबून धरण्यात गुंतलेले होते आणि माझे ऐकत नव्हते.

इतक्यात दुसरा जीवरक्षक माझ्यापाशी आला. मी त्याच्याकडे झेपावलो. तो झटकन मागे सरला. त्या क्षणी मला त्याचा जो राग आला तो मी विसरलेलो नाही. पण मागे सरता सरताच त्याने ती लाल वस्तू माझ्या छातीशी ढकलली आणि 'हें धरात!' असे खणखणीत आवाजात सांगितले. ती दोन हात लांबीची, हलक्या फोमची लवचिक नळी होती. तिला दोरी आणि दोरीचे दुसरे टोक त्याच्या खांद्यावरच्या पट्ट्याला. मी ती दोन्ही काखांखाली घट्ट धरली. माझे डोके पाण्यावर राहिले आणि मला श्वास मिळाला. मग त्याने मला ओढायला सुरुवात केली, तीही थेट काठाकडे नव्हे. किनारा एका बाजूला ठेवून तो बराच वेळ आडवा पोहत राहिला. ओढीचा पट्टा संपल्यावर तो काठाकडे वळला, आणि ज्या फुटणाऱ्या लाटांना मी टाळले होते त्याच लाटांनी आम्हां दोघांना वाळूवर आणून टाकले.

मुलगा माझ्या आधीच बाहेर आला होता. तो खोकत होता, त्याचे ओठ निळसर पडले होते, पण श्वास चालू होता. जीवरक्षकांनी त्याला कुशीवर वळवून निजवले होते आणि नाकातोंडावर प्राणवायूचा मुखवटा लावला होता. भोवती माणसे जमली होती. त्यांतले कोणी 'पाय धरून उलटा करा' म्हणत होते, कोणी 'पोट दाबा, पाणी काढा' म्हणत होते. जीवरक्षकाने कोणाला हात लावू दिला नाही. मग त्याने माझ्याकडे पाहून विचारले, 'सर, भुरगीं कितलीं?' मुले किती?

'बेचाळीस,' मी म्हणालो. पण तो आकडा हजेरीपटावरचा होता. त्या घडीला वाळूवर किती मुले उभी आहेत हे मला ठाऊक नव्हते. माझ्या दोन सहकाऱ्यांनी थरथरत्या आवाजात मोजणी केली. चाळीस आली. पुन्हा केली. एकेचाळीस, आणि निजलेला एक. त्या दोन मोजण्यांमधला जो अर्धा मिनिट गेला असेल, तो माझ्या आयुष्यातला सर्वांत लांब काळ आहे. आणखी एक गोष्ट मी तेव्हा पाहिली. एवढा गोंधळ चालू असता तिसरा जीवरक्षक मनोऱ्यावरून हलला नव्हता. त्याने आमच्याकडे मानही वळवली नव्हती. तो समुद्राकडे पाहत होता.

108 क्रमांकाची रुग्णवाहिका आली. फुप्फुसांत गेलेल्या पाण्याचा त्रास काही तासांनी वाढू शकतो, म्हणून मुलाला रुग्णालयात ठेवून घेतले. तिसऱ्या दिवशी तो घरी आला.

पुढच्या रविवारी मी एकटाच पुन्हा त्या किनाऱ्यावर गेलो. आभार मानायचे होते, आणि खरे सांगायचे तर क्षमाही मागायची होती. त्या जीवरक्षकांनी दोन्ही गोष्टी संकोचाने आटोपत्या घेतल्या आणि मला मनोऱ्याच्या सावलीत बसवून घेतले. त्यांच्यातला वयाने मोठा होता तो बोलत राहिला, मात्र बोलताना त्याची नजर पाण्यावरून निघाली नाही. मी तीनचार तास तेथे बसलो. एवढ्या वेळात कोणी पाण्यात उडी घेतली नाही. शिट्टी मात्र कितीदा वाजली हे मोजता आले नाही. कोणी झेंड्याबाहेर गेला की शिट्टी. कोणी मद्य घेऊन पाण्याकडे निघाला की एकाने खाली उतरून त्याला गोडीने परत फिरवायचे. एखादे मूल आईबापांपासून दहा पावले दूर गेले की त्यांना हाक मारायची. 'पाण्यात उतरायची पाळी आली की समजायचं, आमची शिट्टी कुणीतरी ऐकली नाही,' तो म्हणाला. त्याने माझ्याकडे पाहिले नाही, आणि मी त्याबद्दल त्याचा ऋणी आहे.

मदतीला जातानाही त्यांचा एक क्रम ठरलेला असतो. काठावरून बोलून माणूस परत येत असेल तर बोलायचे. काठी, वल्हे, दोर यांपैकी काही त्याच्यापर्यंत पोहोचत असेल तर ते पुढे करायचे. तेही जमत नसेल तर तरंगणारे काही फेकायचे. त्यानंतर होडी किंवा फळी. स्वतः पोहत जाणे हा शेवटचा उपाय, आणि तोही हातात तरंगते साधन असल्याशिवाय नाही. बुडणारा माणूस समोर येईल त्यावर चढू पाहतो; त्यात त्याचा दोष नसतो, तो जीवाचा धर्म आहे. म्हणून जीवरक्षक हाताच्या अंतरावर थांबतो आणि आपल्या देहाऐवजी ती नळी पुढे करतो. माझ्यापासून तो मागे का सरला, याचा उलगडा मला तेव्हा झाला. त्याने माझ्या हाती काडी दिली होती. आपल्या म्हणीतली काडी मी जन्मभर कुचकामी समजत आलो; या लोकांची सारी विद्या त्या काडीभोवतीच उभी आहे.

घरी आल्यावर मी या विषयावर मिळेल ते वाचू लागलो. न्यूयॉर्कच्या ऑर्चर्ड बीचवर फ्रँक पिया नावाचे एक जीवरक्षक होते. 1970 च्या सुमारास त्यांनी खरोखर बुडणाऱ्या माणसांची चित्रफीत घेऊन तिचा बारकाईने अभ्यास केला. त्यांना आढळले की, बुडणारा माणूस बहुधा ओरडत नाही आणि हातही हलवत नाही. त्याचे शरीर उभे असते, दोन्ही हात बाजूंना पाण्यावर दाबले जात असतात, आणि असा तो पृष्ठभागाशी फार तर 20 ते 60 सेकंद टिकतो. आपल्या चित्रपटांतला आणि आपल्या पाठ्यपुस्तकांतला 'वाचवा, वाचवा' म्हणणारा माणूस अजून बुडू लागलेला नसतो. बुडणारा गप्प असतो. हे वाचताना मला तो आकाशाकडे पाहणारा चेहरा आठवला आणि पुस्तक मिटून ठेवावे लागले. तरणतलावावरच्या जीवरक्षकांना दहा सेकंदांत आपला विभाग नजरेखालून घालायचा आणि वीस सेकंदांत बुडणाऱ्यापर्यंत पोहोचायचे, असा नियम काही ठिकाणी शिकवतात. तो किती काटेकोर हिशेबाने बांधला आहे, हे त्या 20 ते 60 सेकंदांवरून ध्यानात येते. मनोऱ्यावरचा तिसरा माणूस आमच्याकडे का वळला नाही, याचेही उत्तर त्यातच आहे.

बुडालेल्याला वाचवण्याचे शास्त्र एका दिवसात उभे राहिलेले नाही. त्यासाठीची पहिली संस्था 1767 मध्ये अॅमस्टरडॅम शहरात निघाली आणि 1774 मध्ये लंडनमध्येही तशीच एक. त्या काळच्या उपायांत तोंडाने श्वास देण्याबरोबर तंबाखूचा धूर शरीरात भरण्याचाही समावेश होता. धुराचा उपाय पुढे मागे पडला, श्वासाचा राहिला. छाती दाबून हृदय चालू ठेवण्याची आजची रीत 1960 मध्ये अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स येथील संशोधकांनी मांडली. सिडनीच्या बाँडाय किनाऱ्यावर 6 फेब्रुवारी 1938 या दिवशी मोठ्या लाटांनी अडीचशेच्या आसपास माणसांना एकदम खोल पाण्यात ओढून नेले. कमरेला दोर बांधलेले स्वयंसेवक जीवरक्षक त्या दिवशी तेथे मोठ्या संख्येने होते, म्हणून पाच जण सोडून बाकी सारे वाचले. पण घाबरलेल्या माणसांनी त्या दोरांना आणि जीवरक्षकांना मिठ्या मारल्याने काम किती अवघड झाले, याची वर्णने वाचली की हाताचे अंतर राखण्याचे मोल पटते. आपल्या गोव्यात 2008 पासून सरकारने नेमलेल्या संस्थेचे प्रशिक्षित जीवरक्षक किनाऱ्यांवर असतात. लाल-पिवळ्या वेषातले हे तरुण आपल्याला ओळखीचे झाले आहेत. इतके की आपण त्यांना पाहतो आणि त्यांचे ऐकत नाही.

बाहेर काढलेल्या माणसाचा श्वास थांबला असेल तर काय करायचे, हेही त्यांनी मला दाखवले. उलटे धरणे किंवा पोट दाबणे यात मोलाचा वेळ जातो आणि पोटातले पाणी श्वासनलिकेत उतरण्याचा धोका वाढतो. बुडालेल्याला सर्वांत आधी हवा हवी असते. म्हणून मान हलकेच मागे करून, नाक चिमटीत धरून प्रथम तोंडाने श्वास द्यायचे. मग छातीच्या मध्यावर तळहाताने तीस वेळा दाब, मग दोन श्वास, पुन्हा तीस दाब. दाब मिनिटाला 100 ते 120 या गतीने, आणि मोठ्या माणसाच्या बाबतीत पाच ते सहा सेंटीमीटर खोल. हवेवाचून चार-सहा मिनिटांत मेंदूला कायमची इजा होऊ लागते. तेवढ्या वेळात आमच्या गावी रुग्णवाहिका पोहोचणे शक्य नाही. त्यामुळे ही विद्या काठावरच्या माणसालाच यावी लागते.

आता जे लिहायचे ते लिहिणे मला सोपे नाही. सहलीनंतर महिनाभराने आमच्या शाळेचे वार्षिक स्नेहसंमेलन झाले. गावात तोवर एक कथा पसरली होती की, मुलगा बुडताना पाहून सरांनी प्राणांची पर्वा न करता समुद्रात उडी घातली. ती कथा मी पसरवली नव्हती, पण ती मी खोडलीही नाही. पालकांच्या वतीने शाल आणि श्रीफळ देऊन माझा सत्कार झाला. मुलाच्या आईने वाकून नमस्कार केला. मी 'माझे कर्तव्य केले' असे बोललो, आणि सभेने टाळ्या वाजवल्या. मी लाल झेंड्यापलीकडे मुले नेली, दोन शिट्ट्या हात करून परतवल्या, आणि पाण्यात शिरून बुडणाऱ्यांत एकाची भर घातली, हे मी त्या दिवशी सांगितले नाही. माझ्यासाठी मनोऱ्यावरचा दुसरा माणूस पाण्यात उतरला. त्याच वेळी झेंड्यांमध्ये आणखी कोणी बुडू लागले असते, तर मनोऱ्यावर एकटाच माणूस उरला होता. ही बेरीज-वजाबाकी मला तेव्हाही येत होती.

दोन वर्षे गेली. फेब्रुवारी 2025 मध्ये दहावीच्या वर्गाचा निरोप समारंभ झाला. कार्यक्रम संपल्यावर तो मुलगा पाया पडायला माझ्या खोलीत आला. आता तो माझ्याएवढा उंच झाला होता. का कोण जाणे, मी त्याला विचारले, 'त्या दिवशीची शिट्टी तू ऐकली होतीस का रे?'

'ऐकली होती सर,' तो म्हणाला. 'मी बाहेर यायला वळलो पण होतो. मग तुमच्याकडे बघितलं. तुम्ही त्यांना हात केलात, म्हणून मी थांबलो.'

त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती. एखादी तारीख सांगावी तसे त्याने ते सांगितले, आणि नमस्कार करून तो बाहेर गेला. मुले शिक्षकाचे शब्द ऐकतात असे आपण समजतो. ती शिक्षकाचा हात पाहत असतात. त्या एका हाताने मी त्याला पाण्यात थांबवले होते, आणि त्याने दोन वर्षे ते कोणाला सांगितले नव्हते. माझी लाज त्याने राखली होती.

त्यानंतरच्या स्नेहसंमेलनात, पालकांसमोर आणि मुलांसमोर, मी तो सारा प्रसंग जसा घडला तसा सांगितला. मुलाची आई पुढच्याच रांगेत बसली होती. सभेत कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कोणी काही बोललेही नाही. जाताना ती माऊली एवढेच म्हणाली, 'सर, तो घरी आला, आम्हांला पुरे.' शाल माझ्या कपाटात आहे. ती मी पांघरलेली नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 2021 या एका वर्षात जगभरात सुमारे तीन लाख माणसे बुडून मरण पावली. 25 जुलै हा दिवस त्याच वर्षापासून बुडण्याच्या प्रतिबंधासाठी पाळला जातो. ही सारी माणसे समुद्रात बुडालेली नाहीत. विहिरी, तळी, नद्या, खाणींत साचलेले पाणी अशा ठिकाणी, जेथे मनोरा नाही आणि शिट्टीही नाही, तेथे यांतल्या कितीतरी जणांचा अंत होतो. आमची म्हादई त्यांतलीच. म्हणून आम्ही शाळेत एक लहानशी व्यवस्था केली आहे. पाच लिटरचा तेलाचा रिकामा प्लास्टिकचा कॅन, त्यात फेकताना वजन यावे म्हणून तळाशी थोडे पाणी, बूच घट्ट, आणि मुठीला पंधरा मीटर दोर. असा एक कॅन शाळेत आहे, एक गावच्या विहिरीवर, एक नदीच्या उतारावर. महिन्यातून एकदा मुले तो फेकण्याचा सराव करतात. पाण्यात जायचे तर जोडीने जायचे आणि प्रत्येकाने आपला जोडीदार मोजायचा, हाही नियम आहे. सहलीला गेलो की समुद्रावर पहिल्याने मी जीवरक्षकाकडे जातो, मुलांची संख्या सांगतो आणि आम्ही कोठे उभे राहावे ते विचारतो. ते विचारताना मुलांनी मला पाहावे, याची काळजी घेतो.

गेल्या परीक्षेत सहावीच्या उत्तरपत्रिका माझ्याकडे तपासायला होत्या. 'बुडत्याला काडीचा आधार' या म्हणीचा वाक्यात उपयोग करायचा होता. बहुतेकांच्या वाक्यांत कर्जबाजारी शेतकरी होता आणि मावशी होती. एका मुलीने लिहिले होते : 'कोणी नदीत पडला तर मी आधी मोठ्याने ओरडेन, मग दोर बांधलेला कॅन फेकेन आणि पाण्यात उतरणार नाही, कारण बुडत्याला काडीचा आधार हवा असतो, माझा नव्हे.' म्हणीचा लक्षणेने उपयोग तिला साधलेला नाही, हे मराठीचा शिक्षक म्हणून मला दिसत होते. मी तिला पूर्ण गुण दिले.